पाचवी डिश

"ए नाळवाली, ये बिगीबिगी! गरम गरम हाय!"

सरूबाई आया प्रसूतिगृहाच्या दारात उभी राहून अशी हाक मारायची, की व्हरांड्यात बसलेले नातेवाईक दचकून माझ्याकडे बघायचे. जणू मी भजी घ्यायला आले होते. मी मान खाली घालून बर्फाचा डबा पुढे करायची, ती त्यात झाकणाची बाटली ठेवायची, आणि मी मागच्या इमारतीतल्या आमच्या प्रयोगशाळेकडे जवळजवळ पळत सुटायची. बाटलीत असायची नुकत्याच जन्मलेल्या बाळाची वीतभर नाळ.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, कृष्णाकाठच्या एका शहरातल्या जुन्या रुग्णालयात पीएचडी करत होते, आणि माझ्याइतकं महत्त्वाचं काम जगात दुसरं कुणी करत नाही अशी माझी ठाम समजूत होती.

काम असं होतं. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. एकीला एक चिकटून, फरशी बसवावी तशा त्या बसलेल्या असतात. फरशीचे सांधे एकदा भरले की भरले. या पेशींचं तसं नसतं. शरीराला गरज पडली की त्या एकमेकींना सोडतात, मधून काय जायचं ते जाऊ देतात, आणि पुन्हा धरतात. कशा सोडतात आणि पुन्हा कशा धरतात, हा माझा विषय. अशा पेशी माणसाच्या अंगातून काढायच्या कुठून? तर नाळेतून. एरवी ती टाकूनच द्यायची असते.

माझे मार्गदर्शक उपळेकर सर म्हणायचे, "चारुलता, एक लक्षात ठेव. जी पेशी नुसती धरूनच बसली आहे, ती मेलेली समज. जिवंत असेल ती सोडेल, पुन्हा धरेल."

सर एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर तो विभागच बंद व्हायचा होता, आणि आठ महिन्यांत माझ्या तीस नाळा वाया गेल्या होत्या. पेशी काचेला चिकटायच्याच नाहीत. चिकटल्या तर दोन दिवसांत बुरशी यायची, आणि उबेच्या कपाटात एका काचेच्या डिशला लागलेली बुरशी सगळ्यांना लागायची. "बुरशीवरच पीएचडी करायची असेल तर शेजारच्या विभागात जा," सर म्हणायचे. हसत म्हणायचे, पण मार्च उजाडल्यावर त्यांचं हसू कमी झालं.

एकतिसावी नाळ सोमवारी आली आणि लागली.

शुक्रवारी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. सगळीकडे पेशी, एकमेकींना चिकटून, कुठे फट नाही. मी सरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सहा डिश कर. सोमवारी प्रयोग."

सहा डिश म्हणजे सहा वेळा. पेशींवर एक औषध घालायचं, त्याने त्या एकमेकींना सोडतात. मग एका डिशमध्ये लगेच, एकीत पाव तासाने, अर्ध्या तासाने, एक तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी फॉर्मालिन ओतायचं. ज्या क्षणी ते पडतं त्या क्षणी पेशी मरतात आणि जशा आहेत तशाच राहतात. मग त्यांचे सांधे हिरवे चमकतील असा रंग द्यायचा आणि फोटो काढायचे. यातली पाचवी, दोन तासांची डिश सगळ्यात मोलाची होती, कारण पुन्हा हात धरतात त्या साधारण तेव्हाच. सहातली एकही कमी चालणार नव्हती. सातवी करण्याइतक्या पेशी नव्हत्या.

शनिवारी दुपारी ती आली.

कानाला घट्ट बांधलेला रुमाल, एका हाताने पोट धरलेलं, दुसऱ्या हाताने भिंत. चौथ्या-पाचव्या दिवशी सिझेरियनवालीने इतकं चालू नये. विशीबाविशीची असेल. दारात थांबून तिने विचारलं, "नाळवाली बाई तुमीच न्हवं?"

"मी चारुलता. तू कोण? इथे कशाला आलीस?"

"मी मालन. सोमवारची. माझ्या बाळाची नाळ तुमच्याकडं हाय म्हनं."

मला सरूबाईचा संताप आला. आमच्याकडे नाळेला फक्त नंबर असायचा. कुणाची, ते मला कळू नये आणि कुठे गेली, ते घरच्यांना विचारावंसं वाटू नये, म्हणूनच तो असायचा.

"तुझी सही आहे कागदावर," मी म्हटलं.

"हाय की. मी कुठं न्हाई म्हनतोय?" त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'येतो-जातो' म्हणतात, तशीच ती बोलायची. "तवा वाटलं, घ्या. बाळ हाय, नाळंचं काय एवढं. आता बाळच न्हाई ऱ्हायलं."

मला हे माहीत नव्हतं. मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"काल गेला. चार दिस काचंच्या पेटीत हुता. बाहीरनंच बघायचं. हात लावू दिला न्हाई कुनी. तोंडाला बी काय द्यायचं न्हाई म्हनले, नळीतनंच सगळं. माझं दूध कालपास्नं दाटून आलंय बाई, आन् ते उपाशी गेलं."

मी स्टूल अजून जवळ सरकवलं.

"मालकांनी आन् दिरांनी नदीकडंला नेऊन पुरलं. मला दाखवलं बी न्हाई. आता तिसऱ्या दिवशी तिथं दूध घालायचं असतंय. मालक घालतील, डेअरीचं. मी अशी, मला कोन जाऊ देतंय? म्हनून म्हनलं, नाळ तरी द्या. तिच्यावर माझं दूध घालतो आन् परसात पुरतो. त्येच्या तोंडाला लागलं असं हुईल."

"मालन, नाळ उरत नाही गं. काम झालं की जाळायला जाते. सोमवारीच गेली."

हे खरं होतं. नाळ गेलीच होती. तिच्यातून धुऊन काढलेल्या पेशी माझ्या पाठीमागे उबेच्या कपाटात होत्या, एवढंच मी सांगितलं नाही.

ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. तासाभराने मी बाहेर पडले तरी तिथेच. "वॉर्डात जा, टाके दुखतील," मी म्हटलं. ती म्हणाली, "जातो की. जरा बसतो. हितवर आलीती न्हवं नाळ."

मी तडक सरूबाईला गाठलं आणि फैलावर घेतलं. "तुम्हाला नंबर दिलेले असतात, नावं कशाला सांगत फिरता?"

सरूबाई चादरींच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. "नंबर तुमचा, ताई. आमच्यात प्रत्येक बाळाला एक आई असती. ती इचारती, मग आमी सांगतो."

रविवारी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. पेशींचं पाणी बदलायचं होतं. व्हरांड्यात मालन होतीच. पदर पुढे ओढून घेतला होता तरी चोळीवरचे दोन ओले डाग लपत नव्हते.

आता मी जे केलं ते दयेपोटी केलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. थोडी दया असेलही. पण खरं सांगायचं तर आठ महिन्यांनी पेशी लागल्या होत्या, आणि सरांशिवाय ते कौतुक दाखवायला मला कुणीच नव्हतं. म्हणून मी तिला आत बोलावलं. एका आईला तिच्या मेलेल्या बाळाच्या जिवंत पेशी दाखवताना पुढे काय होईल, याचा विचार मी केला नाही. एवढी शिकलेली मी, आणि अक्कल पावशेर.

पाचवी डिश हाताशी होती, तीच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मालनने एक डोळा मिटला, दुसरा लावला. तिला दिसेपर्यंत थोडा वेळ गेला.

"हे काय हाय?"

"तुझ्या बाळाच्या नाळेतून काढलेत. बारीक बारीक जीव असतात ते. त्यांचंच आपलं अंग बनलेलं असतं."

"माझ्या अंगातलं?"

"नाही. बाळाच्या अंगातले."

"जित्तं हाईत?"

"हो."

ती कितीतरी वेळ बघत होती. डोळ्यातून पाणी निघून नाकाच्या शेंड्यावर आलं, ते तिने पुसलं आणि पुन्हा डोळा लावला.

"एकमेकाचं हात धरल्यात बघा सगळ्यांनी."

"हो. तेच मी शिकते. कसे धरतात ते."

"मग खात्यात काय?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला शिकवायची हौस. मी गुलाबी पाण्याची बाटली उचलून दाखवली. यात साखर असते, मीठ असतं, आणि वासराच्या रक्तातला पाण्यासारखा पातळ भाग असतो, त्यावर ते जगतात.

"वासराच्या?" तिने डोळा काढून माझ्याकडे पाहिलं. "आन् मी जित्ती असताना?"

मी म्हटलं, तसं नसतं गं. मी तिला समजावलं की दुधाने त्यांचं पोट भरत नाही, त्यांना पोटच नसतं. दुधातून जंतू जातात, बुरशी येते, मरतील सगळे. ती ऐकत होती, पण तिला ऐकू येत होतं असं वाटत नाही. मग तिने हात जोडले. माझ्या पायाला हात लावायला वाकायला लागली, तर पोटाच्या टाक्यांनी तिला अर्ध्यावरच अडवलं.

"एक थेंब, बाई. एकच. न्हाई मागनार पुन्हा. त्येच्या पोटात आईचं एक थेंब गेलं न्हाई. असं उपाशी कुनाचं लेकरू जातंय का? एक थेंब द्या, मग मी गप घरला जातो."

मी तिला धरून सरळ उभं केलं. आणि म्हटलं, "बरं."

एक धुतलेली, उकळलेली लहान बाटली दिली. ती शेजारच्या रिकाम्या खोलीत गेली. परत आली तेव्हा बाटली भरत आली होती आणि तिच्या मुठीत गरम होती.

"मला आत येऊ द्याल?"

"नाही. त्या खोलीत कुणालाच येऊ देत नाहीत. तू दारातून बघ."

पेशींच्या खोलीच्या दाराला गोल काच होती. मालनने दोन्ही हात काचेला लावले, कपाळ टेकवलं. चार दिवस ती बाळाच्या पेटीसमोर अशीच उभी राहिली असेल, ते मला तेव्हा सुचलं नाही.

मी टेबलापाशी गेले आणि तिच्याकडे पाठ केली. पाचवी डिश पुढ्यात ठेवली. उद्या सकाळी प्रयोग होता. डिश सहाच होत्या. ही एक गेली की दोन तासांचा क्षण गेला, आणि दोन तासांचा क्षण गेला की प्रबंधात उरत काय होतं? सर जाणार, विभाग जाणार. शिवाय एकीत बुरशी आली तर सगळ्यांत येईल. कारणं सगळी खरी होती. तरी ही एक डिश कपाटाबाहेर ठेवून, तिच्यात एक थेंब घालून, मालनला दाखवून, नंतर टाकून देता आली असती. गेली असती तर एक डिश गेली असती.

मी नळ सोडला, जणू हात धुते आहे, आणि बाटलीतलं दूध मोरीत ओतलं. मग काचेच्या नळीत ते गुलाबी पाणी ओढलं आणि डिशमध्ये सोडलं. हात तिला दिसावा म्हणून कोपर जरा उंच धरलं.

बाहेर आले तेव्हा तिने विचारलं, "प्यायला?"

"प्यायला," मी म्हटलं.

"पोटभर?"

"पोटभर."

मालनने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर दहाही बोटं कडाकडा मोडली. माझी दृष्ट काढली तिने. मग भिंत धरून हळूहळू वॉर्डाकडे गेली. बाक रिकामा झाला.

सोमवारी मी औषध घातलं. पेशींनी एकमेकींना सोडलं, मध्ये काळ्या फटी पडल्या, मग हळूहळू एकेकीने बोटं पुढे केल्यासारखी केली आणि शेजारणीला धरलं. दोन तास झाल्यावर मी पाचव्या डिशमध्ये फॉर्मालिन ओतलं. मालनला त्याच सकाळी घरी सोडलं होतं, ती बैलगाडीने गेली की एसटीने, मी विचारलंही नाही.

पाचव्या डिशचा फोटो फार सुंदर आला. काळ्यावर हिरव्या रेघांचं जाळं, आणि प्रत्येक सांध्याशी पुढे आलेला तो नाजूक पंजा. सरांनी निवृत्तीच्या दिवशी तो चौकटीत बसवून मला दिला. मला पदवी मिळाली, त्याच रुग्णालयाच्या कॉलेजात नोकरी मिळाली. फोटो माझ्या खोलीबाहेरच्या भिंतीवर लागला.

दोन वर्षांनी एका सकाळी कुणीतरी दारात खाकरलं. मालन होती. अंगाने भरली होती, कमरेवर दहा महिन्यांची मुलगी. मुलीने आईच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात धरली होती.

"वळखलं का, नाळवाली बाई?"

मी उठून उभी राहिले. तिला वाटलं मला आनंद झाला. तिने कनवटीचा कुंकवाचा करंडा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. आत हळदीत ठेवलेला एक वाळका, काळा तुकडा होता. मुलीची गळून पडलेली नाळ.

"हिची पुरली न्हाई. सासू लई बोलली, परसात पुरायची सोडून डब्यात काय घालून ठेवतीस म्हनून. मी म्हनलं, हिचा भाऊ हाय तिथं ठेवतो. एका जागी दोघं ऱ्हातील. ह्येनं हात धरला तसा हिचा बी धरंल. तुमी त्याला पाजलंसा. दुसऱ्या कुनाला देऊ?"

मी करंडा हातात घेतला. त्या वाळक्या तुकड्यातून आता काहीच वाढणार नव्हतं. सांगायचं होतं, तेही आणि बाकीचंही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगी रडायला लागली, आणि मालन तिथेच खुर्चीत बसली, पदर घेतला आणि तिला अंगावर घेतलं. मुलगी चुटूचुटू प्यायला लागली. मी करंड्याचं झाकण लावलं. आजही कुठे तो आवाज ऐकला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

"आन् त्यो कसा हाय ओ?" तिने विचारलं. "केवढा झाला?"

"चांगला आहे," मी म्हटलं.

"एकडाव दाखवता? हिला बी दाखवतो."

मी काय दाखवणार होते? माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी तिला बाहेर नेलं आणि भिंतीवरच्या फोटोसमोर उभं केलं.

तिने बराच वेळ पाहिलं. मग मुलीचा चिमुकला तळवा धरून काचेवर ठेवला, त्यावर आपला.

"बघ गं, दादा. आईचं प्यायलाय त्यो बी," ती मुलीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली, आणि तिचं तोंड समाधानाने भरून गेलं होतं. "अजून हात सोडलं न्हाईत बघा."

"नाही," मी म्हटलं. "नाही सोडले."